मुरब्बी म्हणजे मुरलेला?

प्रश्न असा आहे: निवडणुकीच्या बातम्यांत 'मुरब्बी नेता' हा शब्दप्रयोग सारखा येतो. हा शब्द 'मुरणे'वरून आला का? 'मुत्सद्दी' आणि 'मुरब्बी' एकच का? आणि एखाद्याला मुरब्बी म्हटलं की तो स्वभावानंही त्या पदाला लायक आहे, असं त्यात येतं का?

पहिल्याचं उत्तर, नाही. मुरणे हे आपलं घरचं क्रियापद. मुरब्बी अरबीतून फारसीमार्गे आला. मूळ अर्थ पालनपोषण करणारा, वाढवणारा. गंमत अशी की मुरंब्याचं मूळ असलेला 'मुरब्बा' त्याच क्रियापदाचा. वाढवणारा तो मुरब्बी आणि जपून वाढवलेलं, साखरेत राखलेलं ते मुरब्बा. मराठीनं त्यात अनुस्वार घातला, आंब्याशी नातं जोडून 'मोरांबा'ही केला. बरणीत कैरी मुरताना रोज दिसते, त्यामुळे मुरब्बीसुद्धा मुरण्यातूनच आला असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे.

जुन्या मराठीत मुरब्बी म्हणजे आश्रयदाता, पाठीराखा. गुजरातीत आजही तो वडीलधाऱ्यांसाठी आदराचा शब्द आहे. आमच्या शेजारचे गुजराती काका गावी राहायला गेले, तेव्हा तिथून वडिलांना पत्र लिहायचे. वर ठळक अक्षरात 'मुरब्बी श्री' आणि मग वडिलांचं नाव. लहानपणी मला वाटायचं, बाबांना हे राजकारणी का म्हणतायत? बाबांनी सांगितलं, "अरे, मोठा भाऊ मानतात म्हणून लिहितात तसं." बंगालीतही 'मुरुब्बी' म्हणजे घरातला किंवा गावातला वडीलधारा, पाठीशी उभा राहणारा माणूस.

मराठीत मात्र शब्दाचा रोख फिरला. मुरब्बी म्हणजे अनुभवानं पिकलेला, डावपेच कोळून प्यालेला. माझ्या मते हे मुरण्याच्या शेजारामुळे झालं. आणि मुरणं आपल्याकडे दोन्ही बाजूंनी बोलतं. लोणचं मुरलं की ते उत्तम, पण 'पाणी कुठंतरी मुरतंय' म्हटलं की संशय. म्हणून 'मुरब्बी राजकारणी' ऐकताना कौतुकाबरोबर किंचित सावधपणाही मनात येतो. 'मुरलेला राजकारणी' म्हटलं तर तो सावधपणा आणखी वाढतो.

मुत्सद्दी वेगळा. तोही अरबीच, पण दफ्तरातला. काम अंगावर घेणारा, लेखणीचा अधिकारी. हिंदीत तो मुनीम-कारकुनापाशीच राहिला. मराठेशाहीत कारभारी माणसंच राज्याची धोरणं ठरवू लागली आणि शब्दाची पायरी चढली. साडेतीन शहाण्यांची गणती बघा. सखारामबापू बोकील, देवाजीपंत चोरघडे, विठ्ठल सुंदर हे तीन पूर्ण आणि नाना फडणवीस अर्धे, कारण नानांकडे तलवार नव्हती, नुसती लेखणी होती असं सांगतात. म्हणजे निव्वळ मुत्सद्दी तो अर्धा शहाणा! पण १८०० साली नाना गेले तेव्हा पुण्याचा इंग्रज रेसिडेंट पामर यानं म्हटलं की मराठी राज्यातलं शहाणपण आणि संयम त्यांच्याबरोबर गेला. या दोन गुणांतला संयम मला फार महत्त्वाचा वाटतो. तो स्वभावाचा गुण आहे, आणि मुत्सद्दी या शब्दात तो आपोआप येत नाही. मुत्सद्देगिरी हे कसब आहे. तापट माणसालाही ते साधू शकतं.

आता तिसरा प्रश्न, जो मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. मुरब्बी हा शब्द आज वर्षं मोजतो, स्वभाव मोजत नाही. यशवंतराव चव्हाण १९५६ साली द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले तेव्हा ४३ वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी नेहरू प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणाला आले आणि संयुक्त महाराष्ट्र समितीनं वाटेवर काळ्या निशाणांनी प्रचंड निदर्शनं केली. जानेवारी १९५६ मधल्या मुंबईच्या गोळीबाराची जखम ताजी होती. तरी तो दिवस शांततेत पार पडला. लोक आपल्यावर चिडलेले असताना मुख्यमंत्र्यानं डोकं थंड ठेवलं, आणि तेवढीच शिस्त निदर्शकांनीही पाळली. या गुणाला मुरब्बी म्हणायचं तर ४४ व्या वर्षी तो मुरला कधी? त्याला पोक्तपणा म्हणावं. पोक्तपणा वयाआधीही येतो, आणि कित्येकांना सात निवडणुका जिंकूनही येत नाही.

स्वभावासाठी आपल्याकडे किती नेमके शब्द पडून आहेत! कुणी काही सांगितलं की लगेच खरं मानणारा तो हलक्या कानाचा. कुठं काय बोलावं हे ज्याला कळत नाही त्याला पोच नाही. लहरी, हेकेखोर, शीघ्रकोपी, तोंडाचा फटकळ, हे तर घरोघरी ऐकू येतात. उलट बाजूला समंजस, सोशिक, नेमस्त. खुर्चीचा मान राखणारा तो पदाचा आब राखतो. आणि पदाला लागणारी कुवत सांगायची तर 'वकूब' आहे. 'त्याचा तेवढा वकूब नाही' हे वाक्य आजी-आजोबांच्या तोंडी सहज असायचं. बातम्यांत ते का येत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तेव्हा बातमी लिहिताना मुरब्बी जरूर वापरा, पण दीर्घ अनुभव सांगायचा असेल तेव्हाच. 'मुरब्बी असल्यामुळे पदासाठी योग्य' हे वाक्य मी तोडीन. 'पाच वेळा निवडून आलेले, कारभाराचा वकूब असलेले, मात्र कानाचे हलके', असं कुणाबद्दल लिहिलं तर वाचणाऱ्याला माणूस डोळ्यांसमोर दिसतो. आणि ज्यानं दहा तरुण कार्यकर्ते हाताशी धरून उभे केले, त्यांच्या चुका पोटात घातल्या, त्याला बेलाशक मुरब्बी म्हणा. काका बाबांना म्हणायचे त्या अर्थानं.