खर्ची, उचल आणि अडकलेला हिशेब

प्रश्न : कळंब्याजवळ आठ फ्लॅटची इमारत बांधतोय. सेंट्रिंगच्या (स्लॅबखालचा साचा बांधण्याच्या) कामाच्या मुकादमाने झारखंडची चौदा माणसं आणली होती. त्याची बिलं मी वेळेवर चुकती केली. तरी दुसऱ्या स्लॅबनंतर तो फोन बंद करून गेला. आता ही माणसं तीन महिन्यांची मजुरी माझ्याकडे मागतात. एकाच कामाचे पैसे दोनदा का द्यायचे?
— एक बांधकाम व्यावसायिक

उत्तर : द्यावे लागतील. ठेकेदाराने मजुरी दिली नाही, तर ज्याचं काम चालू आहे त्याच्यावर ती येते. वेतन संहितेतही हेच आहे. दिलेली रक्कम मुकादमाच्या अनामतीतून किंवा उरलेल्या बिलातून वळती करा.

आधी पैसे कुठे गेले ते पाहा. रोज ठरतो ६०० रुपये, पण आठवड्याला हातात पडते ती फक्त खर्ची, म्हणजे खाण्यापिण्यापुरते पैसे, समजा १,५०० रुपये. सहा दिवसांचे ३,६०० होतात, म्हणजे माणशी २,१०० मुकादमाकडे राहिले. चौदा जणांचे २९,४००. बारा आठवड्यांत ३,५२,८००. हे बिनव्याजी भांडवल बहुधा त्याच्या दुसऱ्या साइटवरच्या प्लेटा-टेक्यांत, म्हणजे साच्याच्या पत्र्यांत आणि आधाराच्या खांबांत, गेलं असेल. शिवाय हिशेब अडकला की माणूस साइट सोडून जात नाही. आमच्या मते खर्चीच्या पद्धतीमागचा खरा हेतू हाच.

एकट्या मुकादमाच्या हजेरीवहीवर विसंबू नका. ओतकामाच्या तारखा, सिमेंटची चलनं आणि कामगारांनी स्वतः ठेवलेल्या नोंदी यांच्याशी ती ताडून पाहा. खर्ची आणि गावाहून निघताना दिलेली उचल वजा करा. स्लॅबच्या रात्रीचे जादा तास दुप्पट दराने धरा, ते हमखास विसरले जातात. पैसे प्रत्येकाच्या खात्यावर पाठवा. 'त्यांच्यातल्या एका'च्या हातात एकरकमी दिलेत तर नवा मुकादम तयार झालाच म्हणून समजा. तडजोड सहायक कामगार आयुक्त कार्यालयात लेखी करा. पुढच्या करारात एकच अट पुरे : आधीच्या महिन्याची मजुरी खात्यावर जमा झाल्याचा पुरावा दिल्याशिवाय नवं बिल नाही.

प्रश्न : बाहेरची माणसं कमी रोजात राबतात, म्हणून आमचा रोज पडलाय. त्यांना येऊच देऊ नये, असं का नको?
— एक गवंडी, कसबा बावडा

उत्तर : बाहेरचा म्हणून तो स्वस्त पडत नाही. पैसे अडकलेले, राहायला साइटवरचीच पत्र्याची शेड, मग रोजासाठी भांडणार कसा? त्याचा हिशेब दर आठवड्याला पुरा झाला, तर तुमच्याइतकाच तोही घासाघीस करेल. एशियाडच्या बांधकामांवरील मजुरांच्या खटल्यात १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की किमान वेतनाहून कमी पैशात करून घेतलेलं काम ही संविधानाच्या अनुच्छेद २३ खालची वेठबिगारीच.

झळ तुमच्या रोजापुरती थांबत नाही. पूर्ण मजुरी धरून दर भरणारा ठेकेदार निविदेत मागे पडतो. कमी दराने काम उचललेला घाई करतो. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबखालचे टेके साधारण सात दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे चौदा दिवस काढू नयेत. पण प्लेटा दुसरीकडे हव्या असतात, म्हणून टेके आधीच निघतात. दमलेला माणूस काँक्रीटचा माल सरकावा म्हणून त्यात पाणी ओततो. तेवढी काँक्रीटची ताकद घटते आणि गळती फ्लॅट घेणाऱ्याच्या पदरी येते. पडझडीत कुणी जखमी झाला, तर कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयातला उपचार सरकारी पैशातून होतो.

प्रश्न : परराज्यातल्या मजुराची बांधकाम कामगारांच्या कल्याणकारी मंडळात इथे नोंदणी होते का?
— साइटवरचा कारकून, पाचगाव

उत्तर : होते. वय १८ ते ६० आणि मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. गाडी अडते ती दाखल्यापाशी. दाखला दिला की मंडळासाठी भरायच्या उपकराची चौकशी लागेल, या भीतीने मालक सही टाळतात. उपकर जमीन वगळून बांधकाम खर्चाच्या १ टक्का, म्हणजे दोन कोटींवर दोन लाख. सही टाळली म्हणून तो माफ होत नाही. रेशनसाठी मात्र इथल्या दाखल्याची गरज नाही. गावचं कार्ड आधारला जोडलेलं असेल तर इथल्या दुकानातही धान्य मिळतं. सिमेंटने बोटांचे ठसे झिजतात आणि मशीन अंगठा घेत नाही. तसं झालं तर आधार केंद्रात ठसे नव्याने द्यावेत.