दहावीला गणितात ६८ पडले, तर अकरावीला गणित सोडावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलीला दहावीला ८४ टक्के, विज्ञानात ८५, गणितात ६८. शाळा मराठी माध्यमाची, गाव कवठेमहांकाळ तालुक्यातलं. तिनं डॉक्टर व्हावं असं घरच्यांना वाटतं, तिचं स्वतःचं अजून काही ठरत नाही. सायन्स घेतलं तर गणित सोडून नुसतं बायो ठेवावं, दोन्ही ठेवावं, की सरळ कॉमर्सला घालावं?

उत्तर आधीच सांगून टाकते. सायन्सला घालणार असाल तर गणित सोडू नका. निदान ६८ पडले एवढ्यावरून तर नकोच. आता हे सांगणारी मी कोण, ते ऐका.

मी तासगावकडची. २०१० ची दहावी. त्याच हंगामात आपल्याकडची युरोपला गेलेली द्राक्षं क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशामुळे अडकली होती, तुम्हाला आठवत असेल. बागायतदार त्याला सीसीसी म्हणतात, वेलीची वाढ थोपवायला मारायचे. आमचीही बाग होती. रात्री जेवणं झाली की अण्णा आणि चुलते सोप्यात बसून तोच विषय काढायचे. युरोपची मर्यादा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे वीस टन द्राक्षांत मिळून एक ग्रॅम. अण्णांना ते काही केल्या पटायचं नाही. "एवढंसं मोजतंय कोण?" असं ते पुन्हा पुन्हा विचारायचे.

आता ते मी मोजते. सांगलीत एका लॅबमध्ये द्राक्षं, बेदाणा, हळद असल्या मालातले औषधांचे अंश तपासायचं माझं काम आहे. पण तेव्हा असं काम असतं हेच घरात कुणाला ठाऊक नव्हतं. मार्क बरे पडले म्हणून सायन्स, आणि सायन्स म्हणजे डॉक्टर नाहीतर इंजिनिअर. एका क्लासवाल्यांनी अण्णांना सांगितलं, पोरीचं गणित बेताचं आहे, ते ठेवलं तर सगळा वेळ त्यातच जाईल आणि मेडिकल हातचं जाईल, त्यापेक्षा भूगोल घ्या, स्कोअरिंग आहे. मला ७१ होते. मीही सुटले म्हटलं. तेव्हा मेडिकलला 'नीट' ही देशभरची प्रवेश परीक्षा नव्हती, आपल्या राज्याची सीईटीच होती. २०१२ ला ती दिली, मेडिकल काही मिळालं नाही. बीएस्सी केमिस्ट्री केलं, पुढे एमएस्सी. आणि सोडलेलं गणित तिथं दारात उभं.

कसं ते सांगते. आमच्या मशीनला शेतकऱ्याचा नमुना थेट देऊन चालत नाही. आधी प्रमाण माहीत असलेली पाच-सहा द्रावणं द्यायची: ०.०१, ०.०२, ०.०५, ०.१ अशी चढत. प्रत्येकाला मशीन एक आकडा देतं. ते बिंदू आलेखावर मांडले की तिरकी सरळ रेष मिळते, आणि नमुन्याचा आकडा त्या रेषेवर कुठे बसतो त्यावरून अंश किती ते ठरतं. वाय बरोबर एमएक्स अधिक सी, बाकी काही नाही. पण रेष खरंच सरळ आहे का, बिंदू तिच्यापासून किती लांब पडलेत, निकालात कमी-जास्त किती धरायचं, हे कळल्याशिवाय रिपोर्टवर सही करता येत नाही. हे मी बाविसाव्या वर्षी, हॉस्टेलवरच्या मैत्रिणीकडून, रात्री जागून शिकले. एमएस्सीच्या पहिल्या महिन्यात फळ्यावर इंटिग्रेशनची खूण दिसली की माझ्या पोटात गोळा यायचा. ज्या मुलांनी बारावीला गणित कसंबसं पंचेचाळीस मार्कांनी काढलं होतं, त्यांना तो येत नव्हता.

आता तुमच्या मुलीचं बघू. बायो नसेल तर नीटमधून जाणारं सगळं बंद: एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस, फिजिओथेरपी, आणि आपल्याकडे फारसं कुणी मनावर घेत नाही ते जनावरांच्या डॉक्टरचं शिक्षण. शिरवळला त्याचं सरकारी कॉलेज आहे, घरात चार म्हशी असणाऱ्यांनी त्याचा विचार करायला हरकत नाही. गणित नसेल तर इंजिनिअरिंगच्या नेहमीच्या शाखा बंद, आर्किटेक्चर बंद, एनडीएतून (पुण्याजवळची लष्करी अधिकारी घडवणारी संस्था) हवाई दल किंवा नौदल बंद (मुलींना २०२२ पासून एनडीएत प्रवेश आहे, हे अजून कितीतरी घरांत माहीत नाही), स्टॅटिस्टिक्सकडे वळायचा रस्ताही अवघड. बी.फार्म आणि बीएस्सी अॅग्रीला दोन्हींपैकी एक असलं तरी चालतं.

आणखी एक गोष्ट क्लासवाले सहसा सांगत नाहीत. २०२३ च्या नोव्हेंबरात राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं जाहीर केलं की बारावी झाल्यावर जादा विषय म्हणून मान्यताप्राप्त बोर्डातून बायो पास केलं, तरी नीटला बसता येतं. म्हणजे राहिलेलं बायो पुढं भरून काढायची वाट आहे. बायो नंतर एकटीनं वाचूनही जमण्यासारखं आहे. गणिताची दोन वर्षांची मोडलेली सवय पुन्हा लागणं अवघड, हे मी अनुभवानं सांगते.

आणि गणित सोडलं म्हणून ते सुटतं असंही नाही. अकरावीच्या बालभारतीच्या फिजिक्सचं दुसरंच प्रकरण "मॅथेमॅटिकल मेथड्स" आहे. सदिश, डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन, सगळं त्यात. नुसतं बायो ठेवणाऱ्या मुलीलाही ते करावंच लागतं. फरक एवढाच की शेजारच्या तुकडीत तेच गणिताचे सर महिनाभर सावकाश शिकवत असतात आणि हिला फिजिक्सच्या तासाला दोन दिवसांत उरकून मिळतं.

६८ चं म्हणाल तर ते कुठे गेले हे आधी बघा. दहावीला चाळीसचं बीजगणित, चाळीसची भूमिती आणि वीस अंतर्गत. सराव परीक्षांचे पेपर काढा घरातले. भूमितीची प्रमेयं लिहिण्यात मार्क गेले असतील तर फार काळजी नको, अकरावीत त्या धर्तीचं लिहिणं फारसं नाही. बीजगणितात साध्या आकडेमोडीत, चिन्हं बदलताना चुकत असेल तर सुट्टीत बसून सुधारता येतं. पण शाब्दिक उदाहरण वाचून समीकरण मांडताच येत नसेल, तर मात्र तिच्याशी नीट बोला. ती अडचण फिजिक्समध्येही येणार, गणित ठेवा नाहीतर सोडा.

यापेक्षा चांगली परीक्षा मी माझ्या भाच्याची घेतली होती, तीच सुचवते. ई-बालभारतीवर अकरावीची पुस्तकं फुकट मिळतात. गणित भाग एकची पहिली दोन प्रकरणं, फिजिक्सचं ते दुसरं प्रकरण, बायोची पहिली दोन, एवढं झेरॉक्सवाल्याकडून छापून आणा. आठ दिवस द्या. क्लास नाही, व्हिडिओ नाही, वही-पेन्सिल आणि ती. स्वाध्याय स्वतः सोडवायचा. तुम्ही फक्त लांबून बघा: सकाळी आपणहून कुठलं पुस्तक उघडते, आणि कुठलं उघडलं की अर्ध्या तासात चहा प्यावासा वाटतो. आमच्या भाच्याला बायो "सोपं" म्हणून घ्यायचं होतं. वर्गीकरणाची लॅटिन नावं दोन दिवस पाठ केली आणि तिसऱ्या दिवशी पुस्तक पलंगाखाली. उलट त्रिकोणमितीची उदाहरणं चुकत चुकत का होईना, रात्री साडेदहापर्यंत करत बसला होता. मार्कलिस्टवर त्याचंही गणित विज्ञानापेक्षा कमीच होतं.

यात माध्यमाचाही अंदाज येईल. अपवर्तन माहीत आहे पण रिफ्रॅक्शन म्हटलं की थबकायचं, असं पहिले दोन-तीन महिने होतं. मी वहीच्या मागच्या बाजूला दोन रकाने पाडले होते, डावीकडे आपला शब्द, उजवीकडे इंग्रजी. दिवाळीनंतर ते पान उघडायची गरज राहिली नाही. मराठी माध्यम म्हणून सायन्स झेपणार नाही असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

दोन्ही ठेवले तर भार पडतो, ते खोटं सांगणार नाही. नीटचे ७२० पैकी ३६० मार्क एकट्या बायोचे, तिथं गणिताचा काही उपयोग नाही. आठ दिवसांनी तिनं स्वतः सांगितलं की मला डॉक्टरच व्हायचंय आणि गणित नको, तर खुशाल सोडू द्या. मग मी आडवी येणार नाही. माझं भांडण आहे ते दुसऱ्यांनी मार्कलिस्ट बघून सोडायला लावण्याशी. पीसीएमबी, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, बायो, घेऊन राज्याच्या सीईटीचे दोन्ही ग्रुप (एक गणिताचा, एक बायोचा) देता येतात, तिथं चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत आणि अकरावीचा भाग साधारण वीस टक्केच असतो. नको वाटलं तर अकरावीच्या सुरुवातीला विषय बदलता येतो, पण किती तारखेपर्यंत ते कॉलेजात आधीच विचारून ठेवा.

कॉलेजचंही बघावं लागेल. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झालेत, आपल्या तालुक्यातले सुद्धा. पूर्वी मार्कलिस्ट घेऊन गेलं की काम व्हायचं, आता दहापर्यंत पसंतीक्रम भरायचे. पहिल्या पसंतीचं लागलं की ते घ्यावंच लागतं, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. म्हणून पहिला क्रमांक भरायच्या आधी तिथं गणित आणि बायो दोन्ही मिळतात का, हे जाऊन विचारा. फॉर्मवर नुसतं "विज्ञान" दिसतं. बायफोकल कॉम्प्युटर सायन्स ऐकायला छान वाटतं, पण ते दोनशे मार्कांचं असतं आणि एका भाषेबरोबर बहुतेक ठिकाणी बायोचीच जागा घेतं. फी भरल्यावर हे कळून रडणारी माणसं मी पाहिली आहेत.

आणि गेलातच तर प्रयोगशाळा दाखवा म्हणा. कुलूप उघडायला किल्ली शोधावी लागली तर काय ते समजा. "इंटिग्रेटेड" नावाचा जो प्रकार आहे, म्हणजे नाव कॉलेजात आणि मुलगी दिवसभर क्लासमध्ये, त्यात प्रॅक्टिकलची जर्नलं शेवटच्या पंधरवड्यात एकमेकांची बघून उतरवतात. फिजिक्स, केमिस्ट्री, बायो, प्रत्येकाचे तीस मार्क प्रॅक्टिकलचे, ते मिळूनही जातात. पण अशी मुलं पुढे आमच्याकडे नोकरीला येतात तेव्हा मुलाखतीत मी ब्युरेट, म्हणजे थेंबाथेंबानं द्रावण सोडायची खुणांची काचेची नळी, भरायला सांगते. टोकातला हवेचा बुडबुडा न काढताच रीडिंग घेतात. रंग गुलाबी होऊन पार जांभळट झाला तरी थेंब पडतच असतात. एमएस्सी झालेली मुलं, सांगते तुम्हाला.

एसटीचं म्हणाल तर मुलींना बारावीपर्यंत पास मोफत आहे, त्यामुळे सांगली-मिरजेचं कॉलेज अशक्य नाही. मात्र रोजचे तीन तास बसमध्ये जाणार असतील आणि गावाजवळच्या ज्युनिअर कॉलेजात शिकवणारी माणसं बरी असतील, तर मी जवळचं घेईन.

कॉमर्सबद्दल मला कमी माहिती, म्हणून थोडकंच. ते कमी मार्कवाल्यांचं असं समजून घालू नका आणि टाळूही नका. तिथंही गणित की एसपी (सेक्रेटरिअल प्रॅक्टिस) असा प्रश्न येतोच, आणि सीएच्या फाउंडेशनला गणित-स्टॅटिस्टिक्सचा अख्खा पेपर आहे. म्हणजे गणितापासून पळायला म्हणून तिकडे जाण्यात अर्थ नाही. हिशोब, बाजार, व्यवहार यांत ती रमत असेल तर जरूर जा. आर्ट्सचं तुम्ही विचारलंच नाहीत, पण तिला वाचायची आवड असेल तर तेही तिला विचारा.

शेवटचं राहिलं ते मराठी की आयटी. सगळे सांगतील आयटी घ्या, मार्क पडतात. पडतात हे खरं आहे. मी मराठी ठेवलं होतं. दिवसभर फिजिक्स-केमिस्ट्री झाल्यावर तो एक तास असा असायचा की वहीत रकाने पाडावे लागत नसत. ते मात्र तिचं तिला ठरवू द्या.