चुकतंय कोण, कुत्रा की आपण? अ‍ॅजिलिटीवर तुमचे प्रश्न

मागच्या अंकात अ‍ॅजिलिटीचा विषय निघाला आणि नाशिकमधून इतके प्रश्न आलेत की मन भरून आलं, आपल्याकडे कुत्र्यासोबत नुसतं फिरण्यापेक्षा काहीतरी करावं असं वाटणारी एवढी माणसं आहेत! ज्यांनी हा खेळ बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. उडीचे अडथळे, टनेल, सी-सॉ, उंच फळी, त्रिकोणी चढ, उभ्या काठ्यांमधून नागमोडी पळणं, हे सगळं परीक्षकाने लावलेल्या नंबरानेच घ्यायचं. हातात खाऊ नाही, खेळणं नाही, कुत्र्याला हात लावायचा नाही, फक्त सोबत पळून रस्ता दाखवायचा. उडीची आडवी काठी पाडली तर ५ फॉल्ट म्हणजे चुकीचे गुण, अडथळा टाळला तर ५, आणि भलताच अडथळा घेतला की सरळ बाद.

प्रश्न : आमची चिऊ गावठी आहे, दोन वर्षांची, रस्त्यावरून आणलेली. एक उडी सांगितली की झकास मारते, टनेल तर प्रचंड आवडतो. पण तीन-चार उड्या लागोपाठ लावल्या की भलतीकडेच पळते, नाहीतर माझ्या अंगावर येऊन भुंकते, पँट ओढते. मी ओरडून ओरडून सांगते तरी ऐकत नाही. हट्टी आहे का? आणि गावठी कुत्र्यांना या खेळात घेतात का? (गंगापूर रोड)

ताई, आधी चिऊची बाजू घेते, कारण तुमच्या पत्रातच उत्तर आहे. एक उडी ती झकास मारते म्हणजे तिला उडी कळली आहे. पुढं कुठं जायचं ते कळत नाहीये, आणि ते सांगायचं काम आपलं. कुत्रा पळताना आपले शब्द फार कमी ऐकतो, तो आपले पाय बघतो, खांदे बघतो, आपण कुठल्या वेगाने कुठं चाललोय ते बघतो. तुम्ही तोंडाने "डावीकडे" म्हणताय पण बुटाचं टोक आणि छाती सरळ समोरच्या टनेलकडे असेल तर ती टनेलमध्येच जाणार, आणि तिच्या हिशोबाने तिने तुमचंच ऐकलंय.

एक करा, मोबाईल कुठंतरी टेकवून व्हिडिओ काढा आणि घरी आल्यावर हळू करून बघा. चिऊकडे नका बघू, स्वतःच्या पायांकडे बघा. ज्या जागी ती चुकली त्याच्या आधीच्या उडीवर थांबवा आणि बघा की तिने जमीन सोडली तेव्हा तुमच्या पायांची बोटं कुठं होती. बहुतेक वेळा असं दिसतं की ती हवेत गेल्यावर आपण वळलोय. हाच सगळा घोटाळा आहे, कारण वळायचंय हे तिला उडी घेण्याआधी कळलं तर ती पावलं आखडून, अंग वळवूनच उडी मारते आणि जवळ उतरते, पण पुढचे पाय एकदा उचलले गेले की हवेत काही बदलता येत नाही, मग ती लांब जाऊन पडते आणि तिथून जो अडथळा समोर दिसेल तो घेते. म्हणून वळण सांगायचं ते ती उडीच्या दिशेने निघाली आहे, नजर काठीवर आहे, पण अजून जमिनीवर आहे तेव्हा.

दुसरं, बाजू बदलणं. फ्रंट क्रॉस म्हणजे चिऊ तुमच्या डाव्या हाताला पळतेय, तुम्ही तिच्या पुढे आहात, तिच्याकडे तोंड करून वळलात आणि वळून झाल्यावर ती तुमच्या उजव्या हाताला आली. रिअर क्रॉस म्हणजे ती पुढे आणि तुम्ही तिच्या मागून बाजू बदलली. ब्लाइंड क्रॉसमध्ये तिच्याकडे पाठ करून बाजू बदलायची, तो झटकन होतो पण सुरुवातीला नको. हे क्रॉस आधी कुत्र्याशिवाय करायचे, सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन कुंड्या ठेवून केले तरी चालेल, लोक बघतील तर बघू देत. मोठ्या स्पर्धांतसुद्धा हँडलरना, म्हणजे कुत्र्यासोबत पळणाऱ्यांना, आधी कुत्र्याशिवाय कोर्स चालून बघायला वेळ देतात, आणि तिथं जगातली उत्तम माणसं रिकाम्या मैदानात हात दाखवत, स्वतःशी पुटपुटत फिरत असतात, कारण पायांना पाठ असेल तरच डोकं कुत्र्याकडे ठेवता येतं.

आणि ते भुंकणं, पँट ओढणं. याला लोक मस्ती म्हणतात पण बऱ्याचदा ती वैतागलेली असते, "अगं नीट सांग ना" असं चाललेलं असतं. अशा वेळी ओरडलात तर अजून गोंधळ. थांबा, श्वास घ्या, चारच्या दोन उड्या करा आणि बक्षीस तुमच्या हातातून देण्याऐवजी तिला जिथं जायला हवं होतं त्या जागी टाका, दुसऱ्या उडीच्या पलीकडे जमिनीवर. बक्षीस जिथं पडतं तिकडे कुत्रा बघायला शिकतो. तुम्ही प्रत्येक वेळी खिशातून दिलंत तर ती तुमच्या खिशाकडेच बघत पळणार, आणि काठ्या पडणार.

गावठीचं म्हणाल तर हा खेळ सुरूच झाला तो १९७८ साली लंडनच्या क्रफ्ट्स डॉग शोमध्ये, घोड्यांच्या शो-जम्पिंगवरून सुचलेला, मधल्या वेळात प्रेक्षकांना काहीतरी बघायला म्हणून. जातिवंतपणाशी त्याचा काही संबंध नाही. एफसीआय म्हणजे श्वान संघटनांची आंतरराष्ट्रीय संस्था, तिच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेला वंशावळीचे कागद लागतात हे खरं, पण मिश्र जातीच्या कुत्र्यांना घेणाऱ्या मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धाही आहेत. आणि अंगकाठी बघा ना चिऊची, हलकी, लांब पायांची, झटकन वळणारी! आपली गावठी कुत्री या खेळाला फार छान आहेत, माझं ठाम मत आहे.

प्रश्न : लॅब्रेडॉर चार महिन्यांचा आहे. सोफ्यावरून आणि मुलांच्या क्रिकेट स्टंपवर आडवी काठी ठेवून उड्या मारायला शिकवलंय, भारी मारतो. उंची कधी वाढवू? (सिडको)

दादा, वाढवू नका, काठी काढूनच टाका. चार महिन्यांच्या पिल्लाच्या हाडांच्या टोकाशी वाढीचा भाग मऊ असतो, उडीवरून उतरताना सगळं वजन पुढच्या दोन पायांवर येतं आणि तिथं दुखापत झाली तर पाय वाकडा वाढू शकतो. लॅबसारख्या मोठ्या जातीत हाडं पक्की व्हायला साधारण सव्वा ते दीड वर्ष जातं. एफसीआयच्या नियमातही १८ महिन्यांच्या आतल्या कुत्र्याला स्पर्धेत उतरू देत नाहीत, ते उगाच नाही. नागमोडी काठ्याही आत्ता नकोत, त्यात पाठीच्या कण्याला फार पीळ पडतो. सोफ्यावरून उडी मारायची सवय लागली असेल तर खाली जाड गादी टाका आणि हळूहळू बंद करा.

पण शिकवायला खूप काही आहे आणि हेच वय त्याचं आहे. काठ्या जमिनीवर आडव्या ठेवून त्यावरून चालवा म्हणजे मागचे पाय कुठं पडतात ते त्याला कळेल, बऱ्याच कुत्र्यांना आपल्याला मागेही पाय आहेत याचा पत्ताच नसतो. एखादी रुंद फळी विटेएवढ्या उंचीवर ठेवून तिच्यावर चालणं, छोटा सरळ टनेल, दोरी ओढायचा खेळ, सांगितल्यावर दोरी सोडणं, थांब म्हटलं की थांबणं, आणि तुमच्या दोन्ही बाजूंनी पळणं. आपल्याकडे सगळे कुत्र्याला डावीकडेच चालवतात, मग पुढं उजवी बाजू त्याला परकी वाटते. आणि वजनाकडे लक्ष ठेवा हो, लॅबला प्रेमाने खायला घालून घालून आपण पिंप करतो, बरगड्या हाताला सहज लागल्या पाहिजेत.

प्रश्न : सामान विकत घ्यायला खूप महाग पडतं. घरी काय बनवता येईल? आमच्याकडे गच्ची मोठी आहे. (पाथर्डी फाटा)

गच्चीवर करू नका, टाइल्सवर पाय घसरतो आणि ब्लॉकवर पंजे सोलतात. गवत किंवा भुसभुशीत माती हवी, एखाद्या ओळखीच्या शेतकऱ्याचं पडीक रान मिळालं तर सोनंच. सार्वजनिक मैदानात सकाळी जॉगिंगवाले, क्रिकेटवाले, लहान मुलं सगळेच असतात, तिथं लांब पट्टा लावूनच करा.

उडीचे अडथळे पीव्हीसी पाइपचे आरामात होतात, हार्डवेअरच्या दुकानात पाइप, एल्बो, टी सगळं मिळतं. एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवा, आडवी काठी नुसती टेकवलेली हवी, धक्का लागला की पडली पाहिजे. बांधलेली किंवा खाचेत घट्ट बसलेली काठी कुत्र्याला पाडते. उंची सुरुवातीला अगदी कमी ठेवा. एफसीआयच्या स्पर्धेत खांद्यापर्यंतची उंची ३५ सेंटीमीटरच्या आत असलेल्या छोट्या कुत्र्यांना २५ ते ३० आणि मोठ्यांना ५५ ते ६० सेंटीमीटर असते, पण सरावात रोज तेवढी लावायची गरजच नाही. नागमोडी काठ्या १२ लागतात, दोन काठ्यांत ६० सेंटीमीटर अंतर, आणि पहिली काठी कायम कुत्र्याच्या डाव्या खांद्याला यायला हवी, हे पहिल्या दिवसापासून नीट लावा, नंतर सवय मोडताना जीव जातो. टनेल मात्र चांगला घ्या आणि दोन्ही बाजूंनी वाळूच्या पिशव्या लावून पक्का बसवा, आत कुत्रा असताना गोल फिरला तर तो परत आत जायचा नाही. त्रिकोणी चढ आणि उंच फळी घरी ठोकू नका, एखादा खिळा किंवा हलणारा पाय केवढ्याला पडेल.

प्रश्न : जर्मन शेफर्ड सी-सॉला घाबरते. एकदा फळी धाडकन आपटली आणि तेव्हापासून लांबूनच उभी राहते. खाऊ दाखवून ओढली तर थरथरते. (नाशिकरोड)

ओढणं आजपासून बंद. खाऊ दाखवून वर चढवली तरी भीती तिथंच राहते, वर खाऊवरचाही विश्वास जातो. तिला दोन वेगळ्या भीत्या आहेत, एक आवाजाची आणि एक पायाखालचं हलण्याची, त्या वेगवेगळ्या सोडवायच्या.

आवाजासाठी फळीचं एक टोक जमिनीपासून चार बोटं वर राहील असं करा, खाली जुनं गोणपाट किंवा गादी टाका, आणि फळी तुम्ही दाबू नका, तिला दाबू द्या. पंजा ठेवला, बारीकसा "धप्" झाला, लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा. आवाज तिने स्वतः काढला की तोच आवाज चिकनची बातमी होतो. गोणपाट हळूहळू पातळ करत जा. हलण्यासाठी लाकडी पाटाखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून त्यावर चार पाय ठेवायला शिकवा. हे दोन्ही मजेत करायला लागली की मगच खरी फळी, मधला टेकू अगदी बुटका ठेवून. स्पर्धेत तो ६० सेंटीमीटरवर असतो, तिथवर यायला कितीही दिवस लागू देत. शेवटच्या ९० सेंटीमीटरच्या रंगीत पट्ट्यात पंजा पडलाच पाहिजे असा नियम आहे, तो कुत्र्याने उंचावरून उडी टाकून पाय मोडून घेऊ नये म्हणूनच आहे, त्यामुळे फळी पूर्ण टेकेपर्यंत थांबायचं हे बुटक्या फळीवरच शिकवून घ्या.

प्रश्न : आमची द्राक्षबाग आहे. उन्हाळ्यात सराव किती वाजता करावा? आणि बक्षीस म्हणून द्राक्षाचा मणी दिला तर चालेल का, तो पडलेले मणी आवडीने खातो. (दिंडोरी)

दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगते. अजिबात नाही! द्राक्ष, मनुका, बेदाणा, कुत्र्याला यातलं काहीच द्यायचं नाही, त्याने कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते. एखाद्याला काही होत नाही आणि एखाद्याला थोड्यानेही होतं, आणि आपला कुत्रा कुठला ते आधी कळत नाही. त्यात फवारणीचं औषध वेगळंच. खुडणी चालू असताना त्याला बागेत मोकळं सोडू नका, बेदाण्याच्या शेडपासून तर लांबच ठेवा. खाल्लेलं लक्षात आलं तर उलटी होतेय का बघत बसू नका, तेव्हाच डॉक्टरांना फोन करा, किती खाल्लं आणि कधी ते सांगा. पहिल्या काही तासांतच उपाय सोपा असतो, लघवी कमी झाली की फार उशीर झालेला असतो. बक्षिसाला पनीर, उकडलेलं अंडं, चिकन, बिनमिठाचं, करंगळीच्या नखाएवढे तुकडे.

उन्हाळ्यात सराव उजाडताच, आणि एका वेळी काही मिनिटंच. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतो, त्यामुळे तो उत्साहाने पळतोय म्हणजे त्याला बरं वाटतंय असं समजू नका, खेळवेडी कुत्री कोसळेपर्यंत पळतात. जीभ रुंद होऊन बाहेर लोंबायला लागली, लाळ चिकट झाली, चाल अडखळली की खेळ तिथंच थांबवा. मग सावलीत आणून नळाचं साधं पाणी अंगावर ओतत राहा, पंखा किंवा वारा लावा, ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका कारण तो गरम होऊन आतली उष्णता अडवतो, आणि थोडं सावरल्यासारखं वाटलं तरी गाडीत घालून डॉक्टरकडे न्याच.