चित्रात माणूस हवा

प्रिय,

तुझी नेपथ्याची चित्रं मिळाली. सगळी निवांत पाहिली. हात चांगला आहे, रंगांची जाण तर उत्तमच. पण एकाही चित्रात माणूस नाही, ते मला खटकलं.

नेपथ्य म्हणजे नटाच्या वावरण्याची जागा. स्विस नेपथ्यकार अडोल्फ अप्पिया (1862–1928) आयुष्यभर हेच सांगत राहिला. रंगवलेला पडदा सपाट असतो आणि नटाचं शरीर तसं नसतं, म्हणून त्याने पायऱ्या, उतार आणि प्रकाश यांची कास धरली. तेव्हा संहिता हाती आली की रंगांचा विचार लांब ठेव. कोण कुठून येतं, कुणाला लपायचंय, कुणाचे दोन्ही हात गुंतलेले आहेत, एवढंच आधी टिपून काढ. बाजूच्या भिंतीतलं दार शक्यतो विंगेकडे उघडावं आणि बिजागऱ्या प्रेक्षकांपासून लांबच्या कडेला असाव्यात, म्हणजे पल्ल्याआड नट झाकला जात नाही. असलं काही चित्रात सुचत नाही, मॉडेल करताना सुचतं. 1:25 च्या मॉडेलमध्ये 170 सेंटिमीटरचा माणूस 6.8 सेंटिमीटरचा होतो. तो पुठ्ठ्याचा कापून आधी उभा कर आणि मगच भिंती उभार.

माझ्या सुरुवातीच्या एका नाटकात जिना होता. पायऱ्या सगळ्या सारख्या काढल्या होत्या. पण वरच्या लेव्हलवर मागाहून दोन सेंटिमीटरचं प्लायवूड चढणार होतं, ते मी आराखड्यात धरलंच नव्हतं. शेवटची पायरी तेवढी जास्त उंच झाली. डोळ्यांना कळत नव्हतं, पण पाय आधीच्या पायऱ्यांच्या लयीत उचलला जातो. रंगीत तालमीला एक अभिनेत्री तिथेच अडखळली आणि गुडघ्यावर पडली. चूक सुताराची नव्हती, माझी होती. तेव्हापासून प्रत्येक जिना मी आधी स्वतः चढतो, दिवे मालवून.

कामाचं विचारलंस. दोन-तीन वर्षं एखाद्या नेपथ्यकाराकडे सहायक म्हणून राहा. मापं घेणं, तेच आराखडे पुन्हा काढणं, मॉडेल चिकटवणं, यातच हात तयार होतो. सुतारांसोबत बसायला कमीपणा मानू नकोस. चेक नेपथ्यकार योसेफ स्वोबोदा आधी सुतारकाम शिकला, मग वास्तुकला. स्वतंत्र काम घेताना तालमी सुरू झाल्यावर बदल झाले तर खर्च कुणाचा, हे लेखी ठरवून घे. शेवटच्या प्रयोगानंतर सेट मोडतात, त्याआधी फोटो काढून ठेव.

आणि नाट्यगृहात जाशील तेव्हा पहिल्या रांगेतल्या अगदी कडेच्या खुर्चीत बस. तिथून विंगेत उभा असलेला माणूस दिसत असेल, तर आणखी एक फ्लॅट, म्हणजे सेटची उभी चौकट, लागेल.

पुढच्या वेळी चित्रं नकोत. एका अंकाचं मॉडेल पाठव, आत पुठ्ठ्याची माणसं ठेवून.

तुझा,
एक जुना नेपथ्यकार