रेग्युलेटरी टी पेशींचा अभ्यास सुरू करताना

छातीतल्या थायमस ग्रंथीत स्वतःच्याच ऊतींवर उठणाऱ्या टी पेशी (रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशी) बाद होतात, एवढ्यावर थांबू नका. काही निसटतातच, आणि त्यांना शरीरभर आवरून धरतात त्या रेग्युलेटरी टी पेशी. जपानी शास्त्रज्ञ साकागुची यांचा १९९५चा सीडी२५वरचा (या पेशींच्या पृष्ठभागावरचं, त्यांची ओळख पटवणारं प्रथिन) शोधनिबंध आधी वाचा, मग या पेशी घडवणाऱ्या फॉक्सपी३ जनुकाकडे वळा. हे जनुक बिघडलं की आयपेक्स हा आजार होतो, शरीर स्वतःवरच उठतं: तान्ह्या मुलग्यांना मधुमेह, चिवट जुलाब, इसब. एका जनुकापायी इतकं! या पेशी किती गरजेच्या आहेत, याचा यापेक्षा ठोस पुरावा मला तरी दुसरा वाटत नाही. प्रयोगाला बसलात तर मात्र माणसाच्या पेशींत नुसत्या फॉक्सपी३वर विसंबू नका. चेतवलेल्या साध्या टी पेशीही ते थोडा वेळ दाखवतात. सीडी१२७ हे पृष्ठभागावरचं प्रथिन कमी आहे ना, तेही बघा, आणि त्या पेशी इतरांची वाढ खरोखर रोखतात का, हे तपासाच.