बेड्यावरचे पालक शाळेत का येत नाहीत?

बेडा म्हणजे पारध्यांची वस्ती. तिथल्या मुलांबद्दल शिक्षकांच्या बैठकांमध्ये मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. "निरोप पाठवतो, फोन करतो, तरी बेड्यावरचे पालक शाळेकडे फिरकत नाहीत. त्यांनाच मुलांच्या शिक्षणाची पडलेली नाही, तर आम्ही काय करायचं?" या प्रश्नामागचा थकवा खरा असतो. त्यातला निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. का नाही, ते विदर्भातल्या एका जिल्हा परिषद शाळेतल्या अनुभवावरून सांगते. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

तिसरीतली एक फासेपारधी मुलगी. वर्गात कोणाचे तरी सहलीचे पैसे हरवले, दप्तरं तपासली गेली आणि पहिलं दप्तर तिचं उघडलं गेलं. संध्याकाळी मॅडमनी पोलीस पाटलांकरवी निरोप धाडला, "उद्या वडिलांना शाळेत पाठवा." मॅडमच्या मनात वावगं काही नव्हतं, पाटलांचं घर बेड्याच्या वाटेवर होतं, एवढंच. दुसऱ्या दिवशी वडील आले नाहीत. अख्खं कुटुंब रातोरात बेडा सोडून नातेवाइकांकडे निघून गेलं होतं. केंद्रप्रमुखांनी मला बोलावलं तोवर शाळेत सगळ्यांचं एकमत झालं होतं, की काही केल्याशिवाय कोणी पळत नाही.

मी आधी मॅडमशी बोलले. दोनशिक्षकी शाळा, चार वर्ग एकत्र. मुलांच्या आधार नोंदी जुळल्या नाहीत तर संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात तेव्हा, शिक्षकाचं पद धोक्यात येतं, म्हणून त्यांच्याही मागे कागदांचा तगादा. त्यामुळे या कुटुंबाशी त्यांचं जे काही बोलणं झालं होतं ते आधार कार्ड, जन्माचा दाखला, जातीचा दाखला आणि बँक खातं यापलीकडे गेलंच नव्हतं. "काही न मागता कधी बोललात?" असं विचारल्यावर त्या थोड्या वेळाने "नाही" म्हणाल्या. कसलंही समर्थन केलं नाही. तिथेच मला वाटलं, हे काम होईल.

कुटुंब परतल्यावर बेड्यावर गेले. वडिलांनी सांगितलं ते असं : गावात चोरी झाली की गाडी आधी इथेच येते, माणसं उचलून नेते. पाटलाकडून निरोप आला म्हणजे मागून गाडी येणार. "पोरीवर आळ आला ताई, मग थांबायचं कशाला?" इंग्रजांनी 1871 साली गुन्हेगार जमाती कायदा आणला. पुढे त्याच्या जाळ्यात पारध्यांसारख्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरल्या, त्यांना पोलिसांकडे नोंद आणि हजेरी द्यावी लागे. कायदा 1952 साली रद्द झाला, संशय मात्र राहिला. त्या माणसाने पळून जाऊन बेफिकिरी दाखवली नव्हती. लेकीला वाचवायची त्याला ठाऊक असलेली एकच रीत वापरली होती.

मग मॅडमना घेऊन गेले. एकट्या वडिलांना समोर बसवून जाब विचारल्यासारखं व्हायला नको म्हणून आजी, काकू, बेड्यावरची दोन वडीलधारी माणसं अशी सगळीच बसली. पैशांचा विषय काढायचा नाही, मुलीचं काहीतरी चांगलं सांगायचं, असं आमचं ठरलं होतं. मॅडम मनापासून बोलल्या. परिसर अभ्यासाच्या तासाला पक्ष्यांचा धडा चालू असताना तितर कुठे अंडी घालतो, कसा साद देतो, हे तुमच्या मुलीने इतकं छान सांगितलं की सगळा वर्ग ऐकत राहिला.

वडिलांचा चेहरा पडला. आजीने विचारलं, "कोणाकोणाला सांगितलं तिनं?"

मॅडमना क्षणभर कळेना. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तितराची शिकार गुन्हा आहे आणि फासे लावून तितर धरणं ही या माणसांची पिढ्यान् पिढ्यांची विद्या. शाळेने केलेलं कौतुकसुद्धा त्यांना पुराव्यासारखं ऐकू आलं. मी काही बोलणार इतक्यात मॅडमच म्हणाल्या, "आजी, माझ्या वर्गात मूल जे बोलतं ते मी बाहेर नेत नाही. तुमची नात हुशार आहे, एवढंच सांगायला आलेय." आजी बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिल्या, मग चहा ठेवायला सांगितलं. संवादाची सुरुवात मी तिथून धरते. इतकी वर्षं या कामात असूनही मला वाटतं, वेगळ्या समाजातल्या पालकांशी बोलताना आपलं वाक्य चांगलं असून भागत नाही, ते समोर काय होऊन पोचतं हे पाहायला तिथे थांबावं लागतं.

पुढे शाळेने बरंच बदललं. निरोप पाटलांकडून जाणं बंद झालं. मॅडम स्वतःच्या मोबाइलवरून आवाजातला संदेश पाठवतात, कारण घरात वाचणारं कोणी नाही. दप्तरं तपासणं थांबलं. शिष्यवृत्तीच्या याद्या जात उच्चारून वर्गात वाचणंही थांबलं. त्याकडे आधी कोणाचं लक्षच गेलं नव्हतं, मला मात्र ते पैशांच्या प्रकरणाइतकंच गंभीर वाटत होतं. दिवाळीनंतर कुटुंब कामासाठी मुंबईला जातं, तेव्हा जाण्याआधीच शिक्षण हमी पत्रक हातात दिलं, म्हणजे तिथल्या शाळेत मुलीला बसता येईल. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि त्यांत वंचित गटातल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हवी. ती जागा कागदावर भरलेली होती. आता तिथे बेड्यावरची काकू बसते. तिचा स्वतःचा मुलगा याच शाळेत आहे. पहिल्या सभांमध्ये ती काही बोलली नाही. तिला बोलतं करायची घाई करू नका, एवढंच मी मुख्याध्यापकांना सांगितलं.

सगळं सुरळीत झालं असं नाही. मुलीच्या गैरहजेऱ्या अजून पडतात आणि वडील फाटकाच्या आत आजही येत नाहीत. पण गेल्या जूनच्या अखेरीस, उन्हाळ्याची सुट्टी संपून विदर्भातल्या शाळा उघडल्या तेव्हा, काकू कोणी न बोलावता आली. धाकट्या पुतण्याचं नाव घालायचं होतं आणि त्याच्या जन्माचा कुठलाच कागद नव्हता. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे मॅडमनी तिला समजावून सांगितलं आणि नाव त्याच दिवशी दाखल केलं. त्यावर काकूने विचारलं, "मग बेड्यावरच्या बाकी पोरांचंही होईल का?" त्या आठवड्यात ती आणखी तिघांना घेऊन आली.