पश्चात्ताप, टोचणी की चोराच्या मनातलं चांदणं?

प्रश्न असा आहे: एडगर अ‍ॅलन पोच्या 'द टेल-टेल हार्ट' या भयकथेबद्दल लिहिताना 'अविश्वसनीय निवेदकाला झालेला पश्चात्ताप' असं म्हटलं तर चालेल का?

मी दोन्ही शब्द बदलेन.

'अविश्वसनीय' हल्ली कौतुकाचाच शब्द झालाय. अविश्वसनीय झेल, अविश्वसनीय विजय. वाचणाऱ्याला वाटेल की निवेदक काहीतरी अचाट आहे. ज्याच्या सांगण्यावर विसंबता येत नाही, तो 'अविश्वासार्ह'. अमेरिकी समीक्षक वेन बूथ यांनी १९६१ मध्ये 'अनरिलायबल नॅरेटर' म्हटलं, ते याच अर्थानं. 'बेभरवशाचा' हा शब्द मला एरवी जास्त आवडतो, पण तो पावसाला शोभतो. येईल की नाही कळत नाही असा. पोचा निवेदक उलट भलताच वक्तशीर. सलग सात रात्री, बरोबर मध्यरात्री, म्हाताऱ्याच्या खोलीचं दार किलकिलं करतो. आठव्या रात्री खून.

आता 'पश्चात्ताप'. मागाहून होणारा ताप, इथवर शब्द ठीक. पण केलं ते वाईट केलं, असं वाटल्याशिवाय पश्चात्ताप होत नाही. १८४३ साली छापून आलेल्या या कथेत निवेदक असं एकदाही म्हणत नाही. म्हातारा मला आवडायचा, त्याच्या पैशांवर डोळा नव्हता, खटकायचा तो फक्त त्याचा गिधाडासारखा डोळा, असं तो सांगतो. प्रेताचे तुकडे करून तीन फळ्यांखाली लपवले आणि रक्ताचा डागही राहू दिला नाही, याचा तर त्याला अभिमान. पहाटे चारला तीन पोलीस येतात, तेव्हा त्याच खोलीत त्यांना बसवून स्वतःची खुर्ची नेमकी प्रेतावर मांडतो. याला पश्चात्ताप कसं म्हणणार?

मग 'खंत'? फार सौम्य. 'अपराधीपणा' तर अपराध न करताही वाटतो. 'टोचणी' जवळ येते, पण ती आतल्या आत टोचते. या माणसाला काही टोचत नाही, ऐकू येतं. कापसात गुंडाळलेल्या घड्याळासारखा दबका, जलद आवाज. हीच उपमा कथेत दोनदा येते: म्हातारा जिवंत असताना, आणि तो फळ्यांखाली गेल्यावर. तेच घड्याळ, तोच कापूस. वाचणाऱ्यानं इथंच कान टवकारायचे. आवाज कोणाच्या छातीतला?

मला विचाराल तर आपल्याकडे याला नेमका शब्द नाही, पण नेमकी म्हण आहे: चोराच्या मनात चांदणं. बाहेर काळोख असला तरी आपण सगळ्यांना दिसतोय, असं चोराला वाटत राहतं. पोलीस निवांत गप्पा मारताहेत, आणि याला खात्री की त्यांना सगळं कळलंय, ते मुद्दाम थट्टा करताहेत. गंमत म्हणजे कंदिलाची झडप जेमतेम उघडून एकच किरण त्या डोळ्यावर पाडणारा हा माणूस! शेवटी उजेड त्याच्यावरच येतो, आणि तो पाडणारंही दुसरं कोणी नसतं. 'खाई त्याला खवखवे' हीसुद्धा चालली असती, पण तिच्यात ही दिसण्याची भीती नाही.

अनुवाद करणार असाल तर आणखी एक. 'मला आवाज ऐकू येत होता' असं लिहिलंत की निवेदक प्रामाणिक होतो. ऐकू मला येतंय, तुम्हाला येईलच असं नाही, अशी फट त्या 'मला'त राहते. हा माणूस ती ठेवत नाही. त्याच्या तोंडी 'आवाज वाढत होता' एवढंच हवं. 'मला' गाळला की अविश्वासार्हता आपोआप उतरते. आणि सुरुवातीच्या त्याच्या तक्रारीला मराठीत 'म्हणे' आयता मिळतो: 'मला म्हणे वेड लागलंय!'

तुमचं वाक्य मी असं करेन: 'निवेदक अविश्वासार्ह आहे; त्याला पश्चात्ताप झालेला नाही, पण त्याच्या मनात चांदणं पडलंय.'